वाचलं की करायचं

आमच्या घरात शुभवर्तमान वाचलं जायचं ते भाकरी थापण्याच्या आवाजात. चौसाळ्याला हमरस्त्याच्या कडेला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत बाबांचं शिवणाचं दुकान आणि मागच्या खोलीत आमचा सगळा संसार. दिवस कलला की बाबा दातानं धागा तोडायचे, गळ्यातली टेप खुंटीला अडकवायचे आणि "चला रे" एवढंच म्हणून मागे यायचे. मशीनची खडखड थांबली की घर एकदम मोठं वाटायला लागे. मग बाहेरच्या ट्रकांचे आवाज आत येत, आणि त्यांच्या मधूनमधून आईच्या हाताची थपथप. तिनं हातातलं काम टाकून आमच्यात बसावं असा बाबांचा आग्रह नव्हता, आणि असता तरी तिनं तो मानला नसता. "पोरं उपाशी झोपली तर तुमचं वचन ऐकायचं कुणी?" असं ती विचारायची. त्यामुळे चुलीपुढे ती, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर पोत्यावर मांडी घालून आम्ही तिघं: बाबा, माझा थोरला भाऊ दानू आणि मी. चुलीवर येसराची, भाजक्या डाळींच्या मसाल्याची, आमटी रटरटत असे आणि तिच्या वासानं भूक खवळायची. पण प्रार्थना होईपर्यंत ताटाकडे बघायचीसुद्धा सोय नव्हती.

वाचायची पाळी रोज एकाची. बोट ओळीखाली धरून वाचायचं, घाई करायची नाही, आणि भाग संपला की पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचं. खरी परीक्षा त्यानंतर. जे वाचलं ते आपल्या बोलीत सांगायचं. बाबा म्हणायचे, "पुस्तकातली भाषा पुस्तकात राहू दे. तुझ्या तोंडात काय उतरलं ते सांग." बाबा मूळचे तलवाड्याकडचे. तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून होते, आणि तिथून परतले ते ख्रिस्ती होऊनच. कसं, कधी, कुणामुळे, हे त्यांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. पण आपल्याला ती गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच बोलीत कुणीतरी सांगितली, म्हणून ती आत शिरली, असं ते म्हणत. आई मात्र जन्माची ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. वाचताना आमच्याकडून शब्द गळाला की तिची थपथप मध्येच थांबायची. ती बोलायची नाही. आम्ही मागे जाऊन तो शब्द घेतला की भाकरी पुन्हा सुरू.

तळ्यावरच्या वादळाचा भाग दानूच्या वाट्याला आला होता. त्यानं होडी जन्मात पाहिलेली नव्हती. त्यानं पाहिलेली तरंगणारी एकच वस्तू म्हणजे गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे रस आटवायची भली मोठी कढई; पोरं ती पाण्यात ढकलून तिच्यात बसायची. तर दानूनं सांगितलं, की प्रभू आन् शिष्य काहिलीत बसून तळ्याच्या पलीकडं चाललते, प्रभू झोपला व्हता, आन् मधीच वारं सुटलं, आन् काहील गरागरा फिरायला लागली. मी फिसकन हसले. आईच्या खांद्याकडे पाहिलं तर तोही हलत होता. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "बराबर हाय. काहिलीत बसल्यावर जेवढं भ्या वाटंल, तेवढंच त्यानला वाटलं आसंल." आणि मग काय झालं ते मी आजही सांगू शकत नाही. हसता हसता माझ्या अंगावर काटा आला. ते तळं मला दिसलं, आमच्याकडचंच, काठाला बाभळी असलेलं. त्या काहिलीत एक माणूस उशाला हात घेऊन गाढ झोपलेला होता आणि बाकीचे सगळे त्याला हलवून उठवत होते. देव इतक्या जवळून जाऊ शकतो हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि मला थोडी भीतीच वाटली.

हल्ली माझी नात मोबाइलवर शुभवर्तमान लावून देते. एक बाई गोड आवाजात आपोआप वाचत राहते, शब्द गाळत नाही, अडखळत नाही, दमत नाही. मी ऐकते, चांगलं वाटतं. पण त्या बाईला विचारावंसं वाटतं, की बाई, तुझ्या तोंडात काय उतरलं ते सांग की. नात म्हणते, आजी, ती माणूस नाहीये. तेच तर म्हणते मी.

सांगून झालं की बाबांचा दुसरा नियम लागू व्हायचा, आणि तो फार कडक होता. वाचलं की करायचं. वाचून नुसतं ठेवायचं असेल तर वाचूच नये, असं त्यांचं म्हणणं. दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा, असं वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी दानूनं नाताळाचा नवा सदरा शेजारच्या मारुतीला देऊन टाकला. आईचा जीव तळमळला. तिनं एवढंच म्हटलं, "ह्याला दोनच सदरे हायत, हे त्या पुस्तकाला कुणी सांगितलं?" एकदा मेजवानीला परत बोलावू न शकणाऱ्यांना बोलवा, असा भाग निघाला. बाबा रस्त्यावर दोरीचा खेळ करणारं अख्खं कुटुंब घरी घेऊन आले. त्या लोकांनी करंज्यांचा डबा रिकामा केला आणि जाताना त्यांच्यातल्या बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आम्ही त्या नाताळात करंज्या खाल्ल्या नाहीत. पण आई दिवसभर गुणगुणत होती, हेही मला आठवतं.

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना तो डोंगरावरच्या शिकवणीचा भाग आला.

पहिल्या दिवशी दानूची पाळी होती. भावावर रागावू नये, त्याला मूर्ख म्हणू नये, असं वाचलं गेलं. बाबा खूश झाले, कारण दानू आणि मी दिवसभर एकमेकांना त्याहून वाईट बोलायचो. त्यांनी तिथल्या तिथं हुकूम काढला: ह्या घरात आजपासून 'येडा' न्हाई, 'बावळट' न्हाई, 'बे' न्हाई. दानूनं विचारलं, "आन् बैलाला म्हणलं तर?" बाबा म्हणाले, "बैल कुठं हाय आपल्याकडं?" त्यावर दानूनं माझ्याकडे बघितलं आणि सगळे हसले. त्या दिवशी भाग मोठा होता, म्हणून पुढच्या ओळी माझ्या होत्या. मी पुस्तक ओढून घेतलं आणि बोट ठेवलं. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. ते एकदम सरळ झाले आणि म्हणाले, "आजच्यापुरतं बास. उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक स्वतःच उघडलं, माझ्यापुढे ठेवलं आणि एका ओळीवर टिचकी मारून म्हणाले, "हितून." ती कालची ओळ नव्हती. काल माझं बोट होतं त्याच्या बरीच खाली होती. मी गोंधळले, पण बाबांनी सांगितलं म्हटल्यावर वाचायला तोंड उघडलं. तेवढ्यात थपथप थांबली. आईनं मागे वळून पाहिलं नाही. ती तव्याकडे बघतच म्हणाली, "मधलं राहिलं." भाकरी करपायला लागली तरी आईनं उलथली नाही. मग बाबांनी पुस्तक मिटलं, प्रार्थना केली, तीही दोन वाक्यांची, आणि ताटावर बसले. त्यांनी अर्धी भाकरी ठेवली. आमच्या घरात वाचन न होता संपलेली ती पहिली संध्याकाळ, आणि तशा आणखी काही गेल्या. मशीन उशिरापर्यंत चालायचं. बाबा मागे यायचे ते जेवायलाच.

त्या ओळीत काय होतं ते मी गुपचूप वाचून घेतलं: देवाला दान द्यायच्या आधी भावाशी समेट कर, असं होतं. बाबांनी ती का टाळली ते आईनं सांगितलं, धान्य पाखडता पाखडता. बाबांना एक थोरला भाऊ होता, आमचे अण्णा. तलवाड्याजवळ शेतात त्यांचं घर. मी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. आजोबा, म्हणजे आप्पा, वारले तेव्हा मी आईच्या पोटात होते. निरोप मिळाल्यावर बाबा मिळेल त्या वाहनानं तलवाड्याला पोचले, तोवर चितेला अग्नी दिलेला होता. त्यांना बापाचं तोंड दिसलं नाही. वर आणखी, भादरून घ्यायला न्हावी पुढे आला तेव्हा बाबांनी डोकं मागे घेतलं. आपण आता ते करत नाही, म्हणाले. चार माणसांत अण्णा बोलले, "बाप जळतोय आन् तुला केसाची पडलीय. सांभाळ तुझे केस. पुन्ना ह्या वावरात पाय ठिवू नगंस." बाबा त्याच पावली परतले. तेव्हापासून जाणं नाही, येणं नाही, बोलणं नाही. "तुझे बाबा कुणाचं वाईट चिंतत न्हाईत," आई म्हणाली, "पर त्या एका दारापुढं त्यांचा पाय जड होतोय." मला त्या वयातही एवढं कळलं, की आता बाबा काय करतात त्यावर आमच्या घरातलं वाचन राहणार की जाणार ते ठरणार आहे. वाचलं की करायचं, हा नियम बाबांसाठी नसेल, तर मग तो कुणासाठीच नव्हता, आणि ती सगळी गोष्टच, काहील आणि तळं आणि झोपलेला माणूस, नुसती गोष्ट होती.

सुगी घरात आली की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण असतो. ज्याचं जे पिकलं असेल त्याचा पहिला वाटा देवापुढे आणायचा. कुणी ज्वारी आणतं, कुणी करडई, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेली कोंबडी, आणि ती कोंबडी उपासनाभर मध्येमध्ये आपलं मत मांडत असते. नंतर अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो, मग पंगत बसते. आम्हाला शेत नव्हतं. बाबा म्हणायचे, मशीन हेच माझं वावर. ते दरवर्षी चांगलं मऊ कापड आणून तान्ह्या लेकरांसाठी अंगडी-टोपडी शिवायचे आणि त्याचं बोचकं बांधून वेदीपुढे ठेवायचे. त्या वर्षी ती अंगडी त्यांनी वाचन बंद असलेल्या संध्याकाळींना शिवली होती. इतकी बारीक शिवण मी त्यांच्या हातची पुन्हा पाहिली नाही.

त्या रविवारी एकेक घर उठून आपापलं दान पुढे ठेवून येत होतं. आमची पाळी आली. बाबा बोचकं घेऊन गेले, वाकले, ते ठेवलं आणि तिथंच उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि मानेवरचे घामानं चिकटलेले केस. लोकांना वाटलं प्रार्थना करताहेत. पाळकसाहेबांनी पुढच्या कुटुंबाला खूण केली तरी बाबा हलेनात. आणि मग ते वळले, पण पुरुषांच्या बाजूला आपल्या जागेवर न जाता मधल्या वाटेनं सरळ दाराकडे चालायला लागले.

"मास्तर," पाळकसाहेब म्हणाले, "आशीर्वाद राहिलाय."

बाबा दारात थांबले. "साहेब, ते बोचकं तिथंच राहू द्या. लिलावात घेऊ नका. आजून दिलेलं न्हाई, नुसतं ठिवलंय. मी तलवाड्याला जाऊन येतो."

सबंध मंडळी वळून बघत होती. पाळकसाहेब भले गृहस्थ होते. त्यांना उलगडायला क्षणभर लागलं, मग त्यांनी चष्मा काढला आणि नुसती मान हलवली. मागच्या बाकांवर कुणीतरी पुटपुटलं, की आवं, तसं शब्दशः नसतंय करायचं, मनात करायचं असतंय. असेलही. मी पुढे कितीतरी प्रवचनं ऐकली, त्यांत ते तसंच सांगितलेलं आहे. पण माझ्या बाबांना मनातल्या मनात करता येत नसे. त्यांना कापड दिसलं की कात्री लागायची. आईनं बाहेर येऊन आम्हा दोघांना त्यांच्यापुढे केलं. पंगतीचा स्वयंपाक तिच्याकडे होता, तिला निघता येणार नव्हतं. "दोगांला बी न्या," ती म्हणाली. "पोरं बघून वैनी पाणी तरी देतील." तिनं धपाट्यांची शिदोरी माझ्या हातात दिली आणि बाबांच्या पिशवीत ते पुस्तक घातलं.

चौसाळ्याहून बीड, बीडहून गेवराई, तिथून तलवाडा. एसटीत आम्ही धपाटे खाल्ले. बाबांनी खाल्ले नाहीत. खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर दिसत होते आणि वाटेतल्या वस्त्यांवर माणसं कमी होती, अर्धी गावं कोयते घेऊन कारखान्यांकडे गेलेली. दानूनं विचारलं, "बाबा, अण्णांनी हाकलून लावलं तर?" बाबा म्हणाले, "तर मागं येऊ." "आन् बोचकं?" बाबांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. तलवाड्याला उतरून आम्ही शेतवाटेनं चाललो. एका बांधापाशी येऊन बाबांचा पाय खरोखर थांबला. मग त्यांनी पाय उचलून बांध ओलांडला.

अण्णा अंगणात बाज विणत होते. बाजेचा अर्धा विणलेला सांगाडा पुढे उभा आणि ते त्याच्यात सुतळी ओढून बसवत होते. बाबांसारखंच नाक, बाबांसारखीच वाकून काम करायची पद्धत. बघून मी चकित झाले. आपल्या बाबांचा दुसरा नमुना जगात आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं, बाबांना ओळखलं आणि पुन्हा सुतळी ओढायला लागले. घरातून मोठी आई, म्हणजे अण्णांची बायको, बाहेर आली, आम्हाला बघून तिच्या तोंडावर पदर गेला. ती आत जाऊन तांब्या घेऊन आली. आम्हा दोघांना पाणी दिलं. मग तांब्या हातात धरून तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान वर केली नाही. तिनं तांब्या तिथंच जमिनीवर टेकवला, ना बाबांपुढे ना अण्णांपुढे.

"कावून आलास?" अण्णांनी सुतळीला विचारल्यासारखं विचारलं.

"पुस्तकात निघालं," बाबा म्हणाले.

"काय निघालं?"

"भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आसंल तर आधी त्याच्याकडं जा. मंग देवाकडं ये."

अण्णांचे हात थांबले. "म्हंजी पुस्तकानं धाडलं. तुला तुझं न्हाई वाटलं."

बाबा आता काहीतरी गोड बोलतील असं मला वाटलं. मी मनात प्रार्थनाही करत होते, की बोला, वाटलं म्हणून सांगा, एवढ्यानं काय बिघडतं. बाबा म्हणाले, "न्हाई वाटलं. खोटं कशाला बोलू? वाटलं आसतं तर पहिल्याच साली आलो आसतो. आज बी पाय उचलत नव्हता. ते पान निघालं तवा मी चुकवलं, अण्णा. ह्या पोरीचं बोट व्हतं त्या वळीवर, तरी चुकवलं. माझं मन लई कठीण हाय. पर त्या पुस्तकापुढं मला खोटं ऱ्हाता येईना."

अण्णांनी मान वर करून बाबांकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं त्यांनी. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "हिचं बोट व्हतं? मंग वाच गं पोरी. बघू काय लिवलंय."

बाबांनी पिशवीतून पुस्तक काढून माझ्याकडे दिलं. राहिलेली पाळी माझीच होती. मी अंगणातच मांडी घालून बसले, बोट ठेवलं आणि वाचलं. वारं नव्हतं. गोठ्यातली गाय कडबा खात होती तेवढाच आवाज. वाचून पुस्तक मिटलं तर अण्णा म्हणाले, "काय कळलं न्हाई. लई शुद्ध हाय." मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "आपल्या बोलीत सांग."

मी सांगितलं. "एक माणूस दान घेऊन देवाच्या दारात गेलता. तिथं त्याला आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्यावर राग हाय. तर देव म्हणतोय, तुझं दान हितंच राहू दे. मला काय घाई न्हाई. आधी तिकडं जा, भावासंगं नीट हो, मंग ये. मी हितंच हाय." शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं, ते माझ्या तोंडात आपसूक आलं. बाबांनी ते दुरुस्त केलं नाही.

"पुढं?" अण्णा म्हणाले.

"एवढंच हाय."

"एवढंच कसं? ज्याच्याकडं जायाचं, त्यानं काय करायचं?"

मी पुस्तक पुन्हा उघडलं. खालच्या ओळी बघितल्या, वरच्या बघितल्या. दानूही वाकून शोधायला लागला. "ते न्हाई लिवलेलं," मी म्हणाले.

"धड बघ."

"न्हाई, अण्णा."

अण्णांनी हातातली सुतळी सोडली. ताण सुटून अर्धी विणलेली बाज सैल पडली. ते म्हणाले, "मंग ते माझ्यावर सोडलंय."

मी पुढे आयुष्यात तो भाग किती वेळा वाचला असेन, शिकवला असेन. थोर थोर माणसांची त्यावरची प्रवचनं ऐकली. पण त्या ओळींच्या खाली जी कोरी जागा आहे ती मला कुणी दाखवली नाही, ती त्या दिवशी अण्णांनी दाखवली. ख्रिस्ती नसलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या माझ्या चुलत्याच्या अंगणात मला पहिल्यांदा जाणवलं, की कुणीतरी तिथं आमच्यात उभं आहे आणि वाट बघतं आहे. मला हलायचीही भीती वाटत होती.

"ग्यानबा," अण्णा म्हणाले. बाबांना त्या जुन्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. "आप्पा गेले तवा तुला निरोप उशिरा मिळाला, आसं तू समजतूस. उशिरा न्हाई मिळाला. मी उशिरा धाडला. आप्पा आजारी पडल्यापासनं तुझंच नाव घेत व्हते. धाकटा आला का, म्हणायचे. मी म्हणायचो, निघालाय, येतोय. मी कुणाला धाडलंच नव्हतं." मोठी आई दाराला धरून उभी होती, तिनं डोळे मिटले. "मला वाटलं, ह्यो येतो आन् आप्पाच्या उशाला बसून आपली प्रार्थना म्हणतो. गाव आधीच म्हणत व्हतं बाटला बाटला. मंग आप्पा म्हणले, माझी बाज दाराकडं तोंड करून लावा. तशी लावली. ते गेल्यावर माणूस धाडला. आन् तू आलास तवा चार लोकांत तुलाच बोललो. राग तुझ्यावर न्हवता. तुझ्याकडं बघायची छाती नव्हती."

आलो होतो आम्ही समेट करायला, राग भावाच्या मनात आहे असं समजून. आता राग धरायचा हक्क बाबांकडे आला होता, आणि तो एवढा मोठा होता की कुणीही म्हटलं असतं, धर. बाबा वळले आणि शेतात चालायला लागले. दानू मागे जायला निघाला, मोठ्या आईनं त्याला धरलं. "जाऊ दे त्यानला. तिकडं आप्पाला अग्नी दिला ती जागा हाय."

काढणी झालेल्या रानात ज्वारीची नुसती धसकटं उभी होती. त्यांतून बाबा पलीकडच्या बांधापर्यंत गेले. आम्ही अंगणातून बघत होतो. ते तिथं उभे राहिले, मग खाली बसले. अण्णा होते तिथंच होते, बाजेच्या सांगाड्यावर हात टेकून, शिक्षा ऐकायला उभ्या असलेल्या माणसासारखे. मला वाटलं, बाबा उठतील आणि तिकडूनच रस्त्याला लागतील, आम्हाला हाक मारतील, आणि आम्ही पुन्हा कधी ह्या वावरात पाय ठेवणार नाही. मी ते पुस्तक छातीशी धरून बसले होते. त्यात बघायचा मोह झाला, की आता बाबांनी काय करायचं ते कुठं लिहिलंय का. पण मी उघडलं नाही. ते आता पुस्तकातून बाहेर आलं होतं.

ऊन तांबूस झालं तेव्हा बाबा उठले. आले ते सरळ अंगणाकडे. डोळे लाल होते, सदऱ्याला माती लागली होती. ते अण्णांच्या पुढ्यात येऊन थांबले. दोघांनीही एकमेकांना हात लावला नाही. बाबांनी मोठ्या आईकडे पाहिलं आणि एखादं लेकरू सांगतं तसं सांगितलं, "वैनी, मला भूक लागलीय. सकाळपासनं काय खाल्लेलं न्हाई."

मोठी आई रडतच आत धावली. चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला. अण्णांनी जमिनीवरचा तांब्या उचलला. आमच्याकडे हातावर पाणी धाकट्यानं थोरल्याच्या घालायचं असतं. बाबा मागे सरले, "अण्णा, तुमी नगा," म्हणाले. अण्णा म्हणाले, "पुस्तकात न्हाई लिवलेलं. हात पुढं कर." बाबांनी हात पुढे केले. अण्णांनी पाणी घालायला सुरुवात केली, बाबांनी हात चोळले, तांब्यातलं पाणी संपलं, आणि तरीही ते दोघं तसेच उभे राहिले, एकाचा तांब्या वाकलेला आणि एकाचे हात पुढे.